धवलारणीची गाडी

गाडीला नवं सस्पेन्शन बसवायचं ठरलं ते सखुबाईच्या पाठीसाठी, आणि कुठलं बसवायचं यावर घरात जी खलबतं झाली त्यांत सखुबाई सोडून सगळे होते. ओटीवर नवरा हिरामण आणि मुलगा मितेश मोबाइलमध्ये डोकं घालून शॉकअपची चित्रं बघत होते, आणि ती मागच्या पडवीत सुके बोंबील साफ करत बसली होती. "आईसाठी घ्यायचंय, हलकं काही नको," असं मितेश बोलला ते तिनं ऐकलं आणि तिला बरंही वाटलं. पण चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला, कुठल्या कुठल्या मित्रांना फोन झाले, आणि आईला हाक मारून "तुला नेमकं लागतं कुठे" एवढं विचारायला काही कोणाची जीभ हलली नाही. बोंबलांची डोकी मोडताना तिचा हात मग जरा जोरानं चालायला लागला.

सखुबाई कोण हे उरणकडच्या गावांत सांगावं लागत नाही. आगरी लग्नात धवलारीण लागते, ती ही. हळदीच्या पाटावर बसून धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायचे, देवांना आवतण द्यायचं, नवरीमुलीला एकेक विधीतून पुढे न्यायचं, हे धवलारणीचं काम. जुन्या चालीच्या घरांत तर लग्नही तिनंच लावायचं. पेटी नाही, ताशा नाही, नुसता गळा. सखुबाईला हे आत्याकडून मिळालं. तरुणपणी दिवसभर मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायच्या आणि संध्याकाळी त्याच मानेनं ताठ बसून धवले गायचे, असं तिनं कितीतरी वर्षं केलं. पुढे मिठागरं गेली, त्यांच्या जागी कंटेनरची यार्डं उठली. हिरामण ट्रेलरवर बसला, मग स्वतःचा ट्रेलर घेतला, मग आणखी घेतले, स्लॅबचं घर झालं. सखुबाईनं लग्नं मात्र सोडली नाहीत. आवतण आलं की ती जाणार, मानाची साडी आणि सुपातले तांदूळ घेऊन परत येणार. धवल्याशिवाय लागलेलं लग्न तिच्या लेखी नुसती जेवणावळ.

आता तिच्या मणक्यातली गादी सरकली होती. पनवेलच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरून सांगितलं, "आजी, फिरा, गा, काही हरकत नाही. फक्त हिसका बसता कामा नये." डॉक्टरचं काय जातं बोलायला! त्याला काही सखुबाईच्या गावातून बंदराच्या रस्त्यापर्यंत यायचं नव्हतं. त्या जोडरस्त्यावरून ट्रेलरांची रांग चालते ती सकाळपासून, आणि डांबराच्या खपल्या निघून निघून खाली गावाची माती दिसायला लागली आहे. साऱ्या देशाचा माल ज्या रस्त्यावरून सुखरूप जातो, त्या रस्त्यावरून एका म्हातारीला नीट नेता येत नाही, हे सखुबाईला कधीच पटलं नाही. ती हे सरपंचाला बोलली होती, आमदाराच्या माणसाला बोलली होती, आणि एकदा तर सिग्नलला थांबलेल्या एका अनोळखी ट्रेलरवाल्यालाही काच खाली करायला लावून बोलली होती. तो बिचारा बिहारचा, "हाँ माताजी" म्हणून पुढे गेला.

घरच्या सात सीटच्या गाडीचे जुने शॉकअप केव्हाच मेले होते. एका खड्ड्यातून गेली की गाडी पुढची तीन घरं ओलांडेपर्यंत उड्या मारत राहायची. म्हणून हा स्प्रिंगा आणि शॉकअपच्या नव्या सेटचा घाट. आणि घाई यासाठी, की अमिषाची हळद तोंडावर आली होती. अमिषा पेणकडच्या गावातली. तिच्या आईचं लग्न सखुबाईनंच लावलेलं, आणि ती आई दोन पावसाळ्यांपूर्वी वारली. पोरगी स्वतः स्कूटरवरून सुपारी घेऊन आली होती. "आजी, डीजे हाय, चुलत्यांनी सांगितलाय," ती म्हणाली होती. "पन हलद तुझ्या धवल्याशिवाय लावून घेनार न्हाय मी." सखुबाईनं सुपारी घेतली, कपाळाला लावली आणि शब्द दिला.

मितेशनं जो सेट आणला त्याच्या स्प्रिंगा लालभडक, बोटाएवढ्या जाड. बसवल्यावर गाडी दोन बोटं उंच झाली, आणि सारा पाडा बघायला जमला. हिरामणनं खाली वाकून हात फिरवला आणि मान डोलावली. ट्रेलरच्या धंद्यात त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की कडक असेल तेच टिकतं. रस्ता वाईट आहे? स्प्रिंगेला पोलादी पाटा वाढव. माल जास्त आहे? आणखी एक पाटा वाढव. आयुष्यभर वजनाचीच काळजी केलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? मितेश आणि त्याचे मित्र मिळून सात धिप्पाड गडी गाडीत बसले, जोडरस्त्यावर चक्कर मारून आले, आणि गाडी लोण्यासारखी जाते असा निकाल देऊन खाली उतरले. शेजाऱ्यांना पेढेसुद्धा वाटले.

मग सखुबाई बसली. मागच्या सीटवर एकटी, चवळीच्या शेंगेसारखी. मितेशनं गाडी काढली. पहिल्या खड्ड्याला सीट तिच्या अंगाखालून निघून गेली आणि परत येऊन तिच्या मणक्यावर आदळली. दुसऱ्याला ती नुसती "आयो" एवढंच म्हणू शकली. तिसऱ्याला तेही नाही. घरी आल्यावर नूतननं, तिच्या सुनेनं, तिला धरून आत नेलं, आणि दोन दिवस ती कुशीवरसुद्धा वळली नाही.

"मग नको जाऊ पेणला," हिरामण दारात उभा राहून म्हणाला. "तब्येत पहिली."

सखुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडल्या पडल्या ती कडाडली, "रिकामा ट्रेलर उरतो, भरलेला उरत न्हाय, ह्या तुमीच जल्मभर सांगत आलाव ना? मग मी काय वीस टन हाय? सात बैल बसवून गारी पारखली, आन् बसनार कोन त्याला कोनी ईचारलं न्हाय!"

ही गोष्ट हिरामणला खरोखर कोणापेक्षाही जास्त ठाऊक होती. यार्डातून रिकामा सुटलेला ट्रेलर कसा दणादण उडतो आणि ड्रायव्हरची हाडं कशी खिळखिळी करतो, हे तो चहाच्या टपरीवर कितीदा सांगायचा. आणि बायकोची वेळ आली तेव्हा साऱ्या घराण्याचं ज्ञान बोटाएवढ्या जाड स्प्रिंगेत अडकलं. तो "मितेशला बोलतो" असं पुटपुटून बाहेर गेला. मितेश तेव्हा ट्रेलरच्या कामाला दिघी बंदरावर गेला होता, हळदीच्या दिवशीच परतणार होता, आणि फोन उचलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सखुबाई भिंतीला धरून उठली. "नूतन गो," ती म्हणाली, "गारीची चावी घे."

नूतन गाडी चांगली चालवायची, पण नवरा घरात असला की मागे बसायची. तिनं मागच्या सीटवर दोन गोधड्या घातल्या आणि बैलगाडीच्या चालीनं गाडी, जिथून मितेशनं सेट आणला होता त्या पनवेल रस्त्यावरच्या दुकानापर्यंत नेली. मागून ट्रेलर भोंगे वाजवत होते. सखुबाई त्यांना काचेतून हात करून शिव्या घालत होती, आणि नूतनला हसू आवरत नव्हतं.

दुकान कमलेशचं. बापाच्या वेळेपासून इथे असलेला गुजराती माणूस. भिंतीवर खुंट्याखुंट्यांना स्प्रिंगा टांगलेल्या. त्यानं सखुबाईला बघून खुर्ची पुसली, पंखा तिच्याकडे वळवला. "आवो बा, पाणी घ्या. मितेशशेठ नाही आले? एक मिनिट हां, शेठला फोन लावतो."

"फोन कनाला?" सखुबाई म्हणाली. "पाठ मितेशची हाय का माझी?"

"नाही बा, पण गाडी तो शेठनी ने..."

"गारी शेठची, पाठ माझी. सांग आता, ह्या काय घातलंस तू?"

कमलेशच्या आवाजात तक्रार आली. त्याचंही खरं होतं. "बा, मी विचारलं होतं. मी सगळ्यांना विचारतो, गाडीत कोण बसणार. शेठ म्हणाले फुल्ल. सात माणसं, कायम. तो सातने वास्ते आ सेट एकदम बराबर छे." मग त्यानं टेबलावर एक स्प्रिंग उभी केली आणि नूतनकडे न बघता, थेट म्हातारीकडे बघून समजावलं. वजन उचलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन उचलत नाही, तो उसळलेल्या स्प्रिंगेला गप्प बसवतो. स्प्रिंग जाड आणि वर माणूस हलका, तर ती दबणारच नाही, सगळा धक्का सरळ माणसाला. स्प्रिंग मऊ घेतली आणि शॉकअप ढिला ठेवला, तर गाडी डुलत राहणार. दोन्हींचा मेळ जमला पाहिजे. त्याच्याकडे मऊ स्प्रिंगांचा सेट होता, आणि नॉब फिरवून ढिले-घट्ट करता येतील असे शॉकअप होते. "पण बा, मग सात माणसं नाही चालणार. गाडी मागून बसेल. चार बरी."

"चार पुरे," सखुबाई म्हणाली.

"आणि नॉब किती फिरवायचा ते मला कसं कळणार? तुम्हाला दुखेल तेव्हा सांगाल, पण दुखल्यावर सांगून काय उपयोग?"

सखुबाईनं थोडा विचार केला. "दुखायच्या आधी गळ्याला कलतं," ती म्हणाली. "मी गाईन. सूर तुटला का समज, चुकलं."

कमलेशला वाटलं म्हातारी चेष्टा करते. नूतनला माहीत होतं ती चेष्टा करत नाही. धवल्यात ओळीच्या शेवटी एक सूर लांबवर धरायचा असतो, एका दमात, हलू न देता. सखुबाई तो धरायची तेव्हा मांडवातली पोरंटोरंसुद्धा गप्प व्हायची. कमलेशच्या माणसांनी लाल स्प्रिंगा काढल्या, मऊ बसवल्या. कमलेश स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि दुकानामागच्या, ट्रेलरांनी खणलेल्या रस्त्यावर गाडी घातली. सखुबाईनं एक हात कानाशी नेला.

"मांडवाचे दारी उभी हलदबाय गोऽऽ"

खड्डा आला. सूर तुटला नाही, पण गाडी झोपाळ्यावर बसल्यासारखी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि सूरही तिच्याबरोबर हेलकावे खात राहिला. सखुबाईनं पदर तोंडाला लावला. "ओकारी येते. थांबव." कमलेश उतरला, खाली घुसला, नॉब फिरवून आला. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तीच ओळ. या वेळी खड्ड्याला सुराला ठसका लागला. "लय आवललंस," ती म्हणाली. तो परत खाली घुसला. मागच्या चाकांचे नॉब थोडे सोडले, पुढचे तसेच ठेवले. दुकानातली माणसं हातातले पाने तसेच धरून रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती. एक ट्रेलरवालाही इंजिन बंद करून थांबला.

पुढच्या खेपेला गाडी खड्ड्यात एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि बसली. सूर होता तसाच राहिला. ओळ संपली, दुसरी ओळ आली, तीही त्याच रस्त्यावर पुरी झाली. तिसरी सखुबाईनं तपासायला नाही, तर नुसती गायची म्हणून गायली, आणि गाता गाता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतके दिवस तिला वाटत होतं की गळाच गेला आपला.

"बा, एक वार फरी? परत एकदा?" कमलेश आरशात बघत म्हणाला.

"फुकट न्हाय गात मी," सखुबाई म्हणाली. "पोरीचं लगीन काढशील तवा बोलाव."

हळदीच्या दिवशी दुपारी मितेश दिघीहून आला, न्हाला, कडक इस्त्रीचा पांढरा कुडता घालून बाहेर पडला आणि गाडीकडे बघून जागच्या जागी थांबला. गाडी खाली आली होती. लाल स्प्रिंगा नव्हत्या.

"हे कोणी केलं? काय यार, बसकी दिसते गाडी! मित्रांना बसवून न्यायचंय मला, बूड टेकेल तिचं!"

"मित्रांना बसवू नको," सखुबाई म्हणाली. ती हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून ओटीवर तयार बसली होती. "मी बसनार हाय."

मितेश तिच्याकडे बघत राहिला. "तू कुठे चाललीस? मी तर त्या लोकांना कधीच सांगून टाकलं, आई येत नाही म्हणून. डीजेवाला आहे, लावेल तो काहीतरी हळदीचं."

हिरामण आपल्या चपलांकडे बघायला लागला, त्यावरून सखुबाईला कळलं की त्यालाही हे ठाऊक होतं.

"कोनाला ईचारून सांगितलंस?"

मितेशचा आवाज चढला. बहुतेक पुष्कळ दिवसांचं साचलेलं होतं. "आई, बस कर ना आता! काय कमी आहे तुला? ट्रेलर आहेत, घर आहे. त्या लग्नात अर्धं पब्लिक माझ्या ओळखीचं, धंद्यातली माणसं. त्यांच्यासमोर तू खाली पाटावर बसून गाणार, सुपातले तांदूळ घेणार. लोक काय बोलतात मागून, माहितीय? मला कसं वाटतं, हे विचारलंस कधी?"

सखुबाईला तेव्हा सगळं एकदम दिसलं. कमलेशनं विचारलं होतं गाडीत कोण बसणार, आणि मुलानं सांगितलं होतं फुल्ल. त्या फुल्लमध्ये ती नव्हतीच. मुद्दाम कडक स्प्रिंगा आणून आईची पाठ मोडण्याइतका तो वाईट नव्हता, एवढं ती जाणून होती. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानं पेणला नुसता फोन लावला आणि सुटलो म्हणून तिचा शब्द मोडून टाकला. पाठीच्या कळा तिनं सोसल्या होत्या. ही कळ वेगळी होती, आणि ती सोसायची तिला काडीची इच्छा नव्हती.

"लाज वाटते तुला माझी," ती म्हणाली. "मना लाज वाटत न्हाय. मीठ वाह्यलं तवा न्हाय वाटली, धवला गाताना तर कधीच न्हाय."

ती आणखी बोलणार होती, पण मध्येच नूतन बोलली. ती सासूच्या शेजारी उभी होती, आणि आवाज न चढवता तिनं नवऱ्याला विचारलं, "आपलं लग्न कोणी लावलं?"

मितेश कुडत्याची बाही सारखी करायला लागला.

"सांगा ना. आईंनी लावलं. पाटावर बसून, धवले गाऊन. मग आपल्या लग्नाची पण लाज वाटते का तुम्हाला?"

तिनं उत्तराची वाटही बघितली नाही. सासूला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. हिरामण क्षणभर मुलाकडे बघत उभा राहिला, मग पुढचं दार उघडून नूतनशेजारी बसला. गाडी निघाली. फाटकाबाहेर जोडरस्ता सुरू झाला तरी आतून कोणाचा "आयो" आला नाही.

मांडवात डीजे दणदणत होता. सखुबाई आपल्या पायांनी, कोणाचा हात न धरता आत गेली. अमिषा पाटावर बसली होती. मितेशच्या निरोपानंतर तिनं आशा सोडली होती. म्हातारीला बघून तिनं चुलत्याला नुसता हात केला, आणि डीजे बंद झाला. सखुबाई तिच्या शेजारच्या पाटावर बसली, हळदीच्या वाटीला हात लावून पाया पडली, आणि धवला सुरू झाला. पहिला सूर तिनं इतका लांबवला की जेवणाच्या मंडपातली माणसं उठून बघायला आली.

मितेश आला तो बऱ्याच वेळानं, मोटरसायकलवरून. साऱ्या ट्रेलरांची धूळ त्याच्या पांढऱ्या कुडत्यावर बसली होती. तो मागे, धंद्यातल्या माणसांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. कोणीतरी त्याला खुर्ची दिली. कोणीतरी खांद्यावरची धूळ झटकली. पाटावरच्या बाईशी आपला काही संबंध आहे असं त्यानं दाखवलं नाही.

धवल्यात हळद लावायला माणसं नावानं बोलावायची असतात. कोणाचा कोण, हे गाऊन सांगायचं, मग त्यानं पुढे यायचं. सखुबाईनं अमिषाच्या आजोळची नावं घेतली, चुलत्यांची घेतली, शेजारपाजारची घेतली. आणि मग त्याच चालीत, त्याच आवाजात, एकही शब्द आखडता न घेता तिनं गायलं:

"सखू धवलारनीचा मितेश हाय दारीऽऽ, ये रं पोरा, हलद लाव गोऽऽ"

सगळा मांडव मागे वळला. धंद्यातली माणसंही वळली, आणि मितेशकडे बघायला लागली. धवल्यात नाव घेतल्यावर न जाणं म्हणजे नवरीचा अपमान, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत होतं. मितेश खुर्चीवरून उठला, सगळ्यांमधून वाट काढत पुढे आला आणि आईसमोर वाकून त्यानं अमिषाच्या गालाला हळद लावली. सखुबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं सूर पुरा केला, दम घेतला आणि पुढचं नाव घेतलं.